केळीच्या सोपटाने बांधलेली मेथी

आमच्या कोथरूडच्या सोसायटीत बत्तीस फ्लॅट आणि ओला कचरा नियमाने वेगळा ठेवणारी घरं एकोणीस. त्या एकोणिसांत सगळ्यांत जड बादली गजभिये साहेबांची. हे गणित मला बरेच दिवस सुटत नव्हतं, कारण साहेब एकटे. पत्नीला जाऊन तीन वर्षं झालेली, मुलगा चेतन खराडीला सॉफ्टवेअर कंपनीत, आणि जेवण दोन्ही वेळा डब्याचं. डबा खाणाऱ्या माणसाचा कचरा असून असून किती? चहाचा चोथा आणि एखादं केळ्याचं साल. साहेबांची बादली मात्र कधी तीन किलोच्या खाली आली नाही.

बुधवारी आणि शनिवारी सकाळी पौडच्या पलीकडच्या गावातून टेम्पो येई. तिथल्या बायकांच्या बचत गटाने खताचे खड्डे केले होते. आमचा कचरा तिकडे जायचा आणि त्या खतावर त्या भाजी पिकवायच्या. टेम्पोबरोबर मैनाबाई येत. बादली ताणकाट्याला अडकवायची, वजन वहीत लिहायचं, कचरा क्रेटमध्ये ओतायचा. बादली परत देताना मात्र आत काहीतरी टाकायचं. दोन लिंबं, कोथिंबीर, मेथीची जुडी. गावाकडे दुसऱ्याचं भांडं रिकामं परत देत नाहीत, कारण एवढंच. याचे पैसे त्या नंतर मागणार तर नाहीत ना, यावर आमच्या सोसायटीने दोन सभा घेतल्या.

गजभिये साहेब मूळचे भंडाऱ्याकडचे, सरकारी खात्यातून मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले. बादली घेऊन ते सगळ्यांच्या शेवटी येत, म्हणजे मागे कुणी घाई करायला नाही. मग खड्ड्यात पाणी किती मारता, गांडुळं टिकली का, गटात नवीन कोण आलं, अशी चौकशी चाले. त्यापलीकडे साहेबांना मी कुणाशी बोलताना पाहिलं नाही. चेतनचा फोन रविवारी येई, तोही तो गाडी चालवत असताना.

वजनाचं कोडं वॉचमन रामदासने उलगडलं. साहेब टेम्पोच्या आदल्या दिवशी बसने मंडईत जात, मटार आणि फ्लॉवर आणत. टरफलं आणि देठ बादलीत, दाणे आणि गड्डे रामदासच्या घरी. रामदासची मुलं मटारला कंटाळली होती, पण साहेबांना सांगणार कोण? किलोच्या आत कचरा निघणाऱ्या घराने तो साठवून फक्त शनिवारी द्यायचा, असा गटाचा नियम होता. बादलीशिवाय खाली उतरायला साहेबांकडे कारण नव्हतं, आणि कारणाशिवाय कुठे जाणं त्यांना उभ्या जन्मात जमलं नव्हतं.

एका शुक्रवारी त्यांना ताप भरला. मंडई चुकली. शनिवारी सकाळी फ्रिज उघडून त्यांनी हाताला लागेल ते बादलीत कोंबलं. खाली मैनाबाईंनी बादली उपडी केली, तशी बुधवारी त्यांनीच दिलेली मेथीची जुडी बाहेर पडली. केळीच्या सोपटाने बांधलेली, गाठही न सोडलेली. मैनाबाईंनी ती उचलून पाहिली, पुन्हा क्रेटमध्ये टाकली आणि बादली परत दिली. रिकामी.

आपल्या हातचं कुणी न शिवता बाजूला ठेवलं की कसं वाटतं, हे साहेबांना लहानपणी गावात भरपूर कळलं होतं. ताप उतरला तरी चार दिवस ते गॅलरीतही दिसले नाहीत.

बुधवारी ते खाली आले ते चोथा आणि दोन केळ्यांच्या साली घेऊन. काटा हललाच नाही.

"येवढंच, साहेब?"

"माझं एवढंच असतं, मैनाबाई. बाकीचं मी विकत आणायचो."

"कचरा इकत?"

"हो. मला डबा येतो. तुमची मेथी शिजवायला घरी कुणी नाही. तुमच्या हातची नको म्हणून टाकली नव्हती."

मैनाबाईंनी वही मिटली. मग म्हणाल्या, "आधी सांगायचं न्हाई व्हय? काकडी दिली असती. कच्ची खाता येती." आणि टेम्पोत शोधून दोन काकड्या बादलीत ठेवल्या. साहेबांचा चेहरा उजळला. तेवढ्यात त्या मायेनेच पुढे म्हणाल्या, "पर येवढ्यासाठी दोनदा जिना कशाला उतरता? गुडघं धरत्यात तुमचं. शनिवारचं या आता."

बदलीची ऑर्डर हातात घ्यावी तसं साहेब "बरं" म्हणाले.

पुढच्या बुधवारी टेम्पो आला, तेव्हा ते तिसऱ्या मजल्यावर खिडकीत उभे होते, इस्त्रीचा शर्ट घालून. मैनाबाईंनी वर बघून हात केला, त्यांनीही केला. एवढ्या उंचीवरून बोलायचं तर ओरडावं लागतं, आणि साहेबांचा तो स्वभाव नाही. अठरा बादल्या झाल्या, टेम्पो वळला. साहेबांनी खिडकी लावून घेतली.