वाढवलेला आवाज

मित्रांनो, बसथांब्यासमोर शिवणाचे एक छोटे दुकान आहे. तिथे कापडाच्या ताग्यांच्या वरच्या फळीवर एक जुना स्पीकर ठेवलेला दिसतो. तो मी. माझ्या एका कडेला हातोडीचा घाव आहे आणि एक कोपरा फुटून पुन्हा चिकटवलेला आहे. हे कसे झाले ते आज तुम्हाला सांगतो. गोष्ट मारहाणीची आहे. ऐकायला गोड नाही, पण माझ्या आयुष्यात जे घडले ते गाळून मी काय सांगणार?

माझा जन्म कारखान्यात झाला नाही. लेथवर काम करणाऱ्या एका कारागिराने मला घरी बनवले. आपण त्यांना काका म्हणू. दिवसभर लोखंड कातून त्यांचे कान किटून जात, म्हणून घरी आल्यावर त्यांना चांगले काहीतरी ऐकायचे असे. आम्ही दोघे जुळे भाऊ. काकांच्या सुतार मेव्हण्याने सहा रविवार खपून आमची सागवानी खोकी केली. सांध्यांत पोस्टाचे पाकीटही शिरणार नाही, इतकी घट्ट! समोरचे जाळीचे कापड वरच्या मजल्यावरच्या ताईने ताणून शिवून दिले. ती घरीच शिवणकाम करायची.

पहिल्यांदा व्हायोलिनची तबकडी लावली तेव्हा काका खुर्चीतून अर्धे उठले.

"अगं, लवकर ये! गज तारेवर टेकतो ना, त्याची खरखरसुद्धा ऐकू येतेय!"

काकू ओल्या हातांनीच धावत आल्या. ताई उंबऱ्यात उभी होती. ती मान तिरकी करून ऐकत राहिली आणि म्हणाली, "दादा, डावा स्पीकर खालच्या सुरात जरासा बडबडतोय."

डावा म्हणजे मी. काकांनी मला उघडले, तर खरेच एक स्क्रू सैल निघाला. त्या दिवसापासून ते येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत, "या इमारतीतले सगळ्यात तयार कान वरच्या मजल्यावर राहतात."

ते माझे सुखाचे दिवस होते. दर रविवारी शेजारीपाजारी सतरंजीवर येऊन बसत. काका कुणाला बोलू देत नसत. कुणी खोकले तरी डोळे वटारत.

ताईचा नवरा गोदामावर मुकादम होता. जिन्यात भेटला की हसून चौकशी करायचा. घरात मात्र तो हात उचलायचा.

मित्रांनो, स्पीकरचा कागदी पडदा नुसता बोलत नाही. बाहेर जोराचा आवाज झाला, की तोही थरथरतो. म्हणून मला सगळे कळायचे. आधी भांडे आपटायचे. मग पाऊल धपकन पडायचे. मग काहीतरी मऊ भिंतीवर आदळायचे आणि आमच्या छताचा चुना माझ्या डोक्यावर पडायचा. मग ताईची किंकाळी.

"अहो, आवाज कमी करा. वर मारतोय तो तिला," काकू म्हणत.

"नवरा-बायकोचं भांडण आहे ते. आपण कशाला मध्ये पडायचं?"

"भांडण असं असतं?"

 काका उठत आणि आवाजाचे बटण फिरवत. कमी करायला नाही, वाढवायला. माझा पडदा ताणून ताणून मी ओरडायचो आणि माझ्याच आवाजाखाली तिचा आवाज बुडायचा. मला हात असते तर मी ते बटण मागे फिरवले असते. पण मला हात नव्हते. ज्यांना होते, त्यांनी ते पुढे फिरवले.

दोन वर्षे असे चालले. मग एका रविवारी दुपारी काकांनी नवी तबकडी लावली होती. शंभर वाद्यांचा मोठा वाद्यवृंद होता तो. घर दणाणत होते. त्या दणाणण्यातूनही एक किंकाळी आरपार आली आणि पाठोपाठ जिन्यावरून काहीतरी गडगडत खाली आले. काकांनी झटक्यात वीजच बंद केली.

दाराबाहेर ताई पडली होती. हात कोपरापासून भलतीकडे वळला होता. उजव्या कानातून रक्त वाहून ब्लाउज भिजला होता. वरच्या पायरीवर मुकादम उभा होता. त्याच्या हातात तिचीच कपड्यांची लोखंडी इस्त्री होती.

"बंद का केलं?" तो दम खात म्हणाला. "लावा की गाणं. तुमचं गाणं चालू असलं, की कुणाला काही ऐकू जात नाही. माझं बरं पडतं."

काका दोन-दोन पायऱ्या चढून त्याच्या अंगावर गेले. इस्त्री त्यांच्या जबड्यावर बसली, दोन दात जिन्यात पडले. तरी त्यांनी त्याची कंबर सोडली नाही. दोघे कठड्यावर आदळले, गजांवर डोकी आपटली, रक्ताने पायऱ्या निसरड्या झाल्या. शेवटी चार शेजाऱ्यांनी मिळून मुकादमाला खाली दाबून धरले. पोलीस आले आणि त्याला घेऊन गेले. ताईला दवाखान्यात नेले. ती वाचली, पण उजवा कान कायमचा गेला. मग तिचा भाऊ येऊन तिला आपल्या घरी घेऊन गेला.

तिसऱ्या दिवशी काका तोंडाला पट्टी बांधून घरी बसले होते. एकदम उठले, हातोडी घेतली आणि माझ्या भावावर घातली. सागवान फुटले. लोहचुंबक सुटून फरशीवर घरंगळले. पडद्याच्या चिंध्या झाल्या. ते मारत होते आणि पट्टीतून काहीतरी ओरडत होते, शब्द कळत नव्हते. मग ते माझ्याकडे वळले. पहिला घाव कडेवर बसला, माझा पडदा फाटला. दुसरा बसायच्या आत काकूंनी मनगट धरले.

"त्याला कशाला मारताय?" त्या म्हणाल्या. "बटण त्याने फिरवलं होतं का?"

हातोडी खाली पडली.

त्यानंतर सात वर्षे मी गच्चीच्या जिन्याखाली पडून होतो. माझ्यावर रंगाचे डबे ठेवले, मग जुनी सायकल टेकवली. ओलीने माझा तळ फुगला, झुरळांनी आतल्या कापसात घर केले. काकांचा गाण्याचा नाद असा सुटला, की चहाच्या टपरीवर रेडिओ लागला तरी ते अर्धा कप तसाच ठेवून उठत. तबकड्या त्यांनी कुणाला तरी देऊन टाकायला काढल्या होत्या. काकूंनी त्या पलंगाखाली लपवून ठेवल्या.

आणि एके दिवशी ताई आली. हात जरा वाकडा राहिला होता. बोलताना ती डावा कान पुढे करायची. बसथांब्यासमोर तिने स्वतःचे दुकान घेतले होते, तेच सांगायला आली होती. काका तिच्याकडे बघू शकत नव्हते.

"मला ऐकू यायचं," ते एकदम म्हणाले. "प्रत्येक वेळी. आवाज मीच वाढवायचो."

"माहीत आहे मला," ताई म्हणाली. "मला वर कळायचं ना, गाणं कधी मोठं झालं ते. वाटायचं, आता बंद होईल, आता कुणीतरी जिना चढेल."

 काकूंनी पाणी आणून ठेवले.

"माफ केलं वगैरे मी म्हणणार नाही, दादा. ते मला जमत नाही. पण एक कान शिल्लक आहे आणि त्याला गाणं हवंय. तो डावा स्पीकर आहे का अजून?"

काकांनी मला जिन्याखालून ओढून काढले. झुरळे झटकली. तळ बदलला. फाटलेल्या पडद्याला पातळ कागद आणि डिंक लावून ठिगळ दिले. त्यांची बोटे हळूहळू कामात रमली. काकूंनी पलंगाखालून तबकड्या बाहेर ओढल्या. ताईने नवे कापड शिवले. व्हायोलिन पुन्हा वाजले, तेव्हा माझा आवाज पूर्वीसारखा नव्हता. ठिगळ जरा खरखरत होते. काका मात्र डोळे मिटून, पापण्यांतून पाणी गळत, तबकडी संपेपर्यंत उभेच राहिले.

मी दुकानात राहायला गेलो, सोबत तबकड्या आणि त्या वाजवायचे यंत्रही आले. ताईची एकच अट होती. आवाज तीनच्या आकड्यापुढे न्यायचा नाही, रस्त्यावरची हाक आत आली पाहिजे. काका रोज सकाळी येऊन तबकडी निवडून देत. "आज बासरी ऐक. मधला भाग चुकवू नकोस," असे बजावून जात. पूर्वीसारखे डोळेही वटारू लागले.

मुकादम शिक्षा भोगून सुटला होता. एका सकाळी तो दुकानात शिरला आणि त्याने आतून शटर अर्धे ओढले. ताई मशीनवर होती. त्याने तिचे केस धरून तिचे तोंड मशीनवर आपटले. ती ओरडली. तेव्हा त्याने काय केले असेल? हात लांबवून आवाजाचे बटण पार शेवटापर्यंत फिरवले.

जुनीच खोड होती त्याची. बासरी फाटक्या आवाजात किंचाळू लागली.

समोरच्या न्हाव्याच्या खुर्चीत काका बसले होते. अर्ध्या गालावर साबणाचा फेस होता. आवाज कानावर पडताच ते ताडकन उठले. "तिनाच्या पुढे गेला!" असे ओरडत, गळ्यातल्या फडक्यासकट ते रस्ता ओलांडून धावले. काही न समजता न्हावीही मागे धावला.

ते शटर वर करेपर्यंत ताईने कापड मोजायची लोखंडी पट्टी उचलली होती. पहिला फटका मुकादमाच्या मनगटावर बसला, हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. त्याने दुसऱ्या हाताने मला फळीवरून उचलले आणि तिच्या डोक्यावर फेकले. ती वाकली. मी भिंतीवर आपटलो आणि माझा कोपरा उडाला. मग काकांनी त्याला मागून मिठी मारली, न्हाव्याने पाय धरले आणि तो तोंडावर पडला. या वेळी रस्त्यावरची माणसे बघत उभी राहिली नाहीत. दहा-बाराजण आत आले.

पोलीस त्याला घेऊन गेल्यावर ताई पायरीवर बसली. ओठ फाटला होता. काका शेजारी बसले, फेस गालावर वाळून गेला होता.

"दादा, दाढी अर्धीच राहिली," ती म्हणाली.

दोघे हसायला लागले, आणि हसता हसता रडू लागले.

मित्रांनो, घरातल्या जुन्या स्पीकरवर कधीतरी फडके फिरवा. त्याला ओलीत टाकू नका, त्याच्यावर डबे रचू नका. पडदा फाटला तर कागद आणि डिंक पुरतो, फक्त बसून तो लावणारे माणूस हवे. जीव ओतून गाणी ऐका, आम्ही त्यासाठीच आहोत. पण आमचा आवाज वाढवण्याआधी क्षणभर हात थांबवा. शेजारून कुणाची हाक येत असेल, तर आम्हाला बंद करून उठा. आम्ही मुळीच रागावणार नाही. गाणे परत येऊन पहिल्यापासून लावता येते.