बाराची लाइट

सुदर्शनने वारूळवाडीत बंगला बांधला, त्याची वास्तुशांत २००५ साली झाली. घर उभं करणाऱ्या कारागिरांना त्या दिवशी पाटावर बसवून टॉवेल-टोपी करायची रीत. गवंड्याला झाली, सुताराला झाली, वायरमनलाही झाली. चौथ्या पाटावर निरगुडसरचा सोपान प्लंबर डोकं जरा पुढं करून बसला होता. सुदर्शनने हातातलं ताट भाच्याकडं दिलं आणि म्हणाला, "पायपं जोडायला काय अक्कल लागती? ऊठ, जेवून घे."

मांडवात हशा झाला. सोपानने हसणारी माणसं मोजली. सतरा. त्यातली नऊ त्याच्याच हातच्या नळाचं पाणी पिणारी. मग तो पंगतीला बसला, बुंदी दोनदा घेतली आणि घरी गेला. उपाशीपोटी राग सांभाळता येत नाही, असं त्याचं मत होतं.

सांभाळला तो दोन वर्षं.

२००७ च्या उन्हाळ्यात सुदर्शनने हॉलमध्ये पाच फुटी माशांची टाकी आणली. कुणीतरी सांगितलं होतं, मुलगी लग्नाची असली की घरात मासे असावेत. टाकीतलं जादा पाणी कोपऱ्यातल्या पाइपाने खालच्या कपाटातल्या छोट्या टाकीत उतरायचं, तिथून पंप ते पुन्हा वर चढवायचा. पुण्याचा माणूस हे सगळं बसवून गेला, पण पाइपात पाण्याबरोबर हवाही शिरायची आणि दिवसभर संडासात पाणी सोडल्यासारखा आवाज यायचा. त्यात टाकी नेमकी हॉलमधल्या संडासाच्या दाराला खेटून. आणि रविवारी त्याच्या मुलीला, समृद्धीला, बघायला जुन्नरची मंडळी यायची होती.

दोन प्लंबर बघून, मान हलवून गेले. मग शनिवारी संध्याकाळी सोपानला निरोप गेला. तो लगेच आला, इतका लगेच की सुदर्शनला शंका यायला हवी होती. पण ज्याने अपमान केलेला असतो त्याला तो कुठं आठवतो?

सोपान पुण्यात हॉटेलांतल्या माशांच्या टाक्या करून आलेला गडी. त्याने पाइपाला खाली कॉक बसवला आणि तो केसाकेसाने आवळत नेला. टाकीच्या कोपऱ्यातलं पाणी चढत पाइपाच्या तोंडावर आलं, हवेची वाट बंद झाली, पाइप गच्च भरून वाहू लागला आणि आवाज थांबला. शेजारी त्याने दुसरा पाइप बोटभर उंच उभा केला. पहिला तुंबला तर पाणी त्यातून जावं, फरशीवर येऊ नये म्हणून. सुदर्शनने काचेला कान लावला. खूष झाला.

"उद्या येऊन बस बाहेर," तो म्हणाला. "न जाणो, काही झालं तर."

"बसतो की," सोपान म्हणाला, आणि लोडशेडिंगचं विचारून घेतलं. रविवारी नऊला जाते, बाराला येते. पाहुणे साडेअकराला. इन्व्हर्टरवर पंखे अन् टीव्ही, पंप नाही.

लाइट गेली की पाइपात हवा भरते, म्हणून त्याचं खालचं टोक कपाटातल्या टाकीच्या पाण्यात इंचभरच बुडवायचं असतं. मग पंप सुरू झाला की आतली हवा चटकन निघते. सोपानने ते सहा इंच बुडवून ठेवलं. हवेला जड जाईल, वेळ लागेल, तोवर सगळं पाणी त्या दुसऱ्या पाइपातून गर्जत खाली येईल. कपाटाचं दार त्याने हलकेच लावलं.

रविवारी तो पोर्चमध्ये खिडकीजवळ बसला. आत मुलाचे मामा सावळाराम, आणखी चार माणसं. समृद्धी पोहे देऊन समोर बसली. मामांनी विचारलं, शिक्षण किती. ती सांगणार, तेवढ्यात बारा वाजले.

पंखे आधीच फिरत होते, त्यामुळे लाइट आल्याचं कुणाला कळलं नाही. फक्त संडासाच्या बाजूने घळघळ सुरू झाली. पाचही पाहुण्यांनी दाराकडं पाहिलं आणि शिष्टाचाराने नजर पोह्यांत घातली. आता कोणीतरी बाहेर येणार म्हणून थांबले. कोणी येईना. घळघळ थांबेना. सुदर्शन म्हणाला, माशांची टाकी आहे. त्यावर पाहुणे इतक्या समजूतदारपणे माना हलवू लागले की त्याला घाम फुटला.

शेवटी मामांनी बारीक आवाजात विचारलं, "आतल्या मानसाला बरं न्हाई का?"

समृद्धीने ओठ दाबले. तिचे खांदे हलत होते. हसू की रडू, सोपानला खिडकीतून कळेना. त्या पोरीने त्याचं काही वाकडं केलं नव्हतं. तो अर्धवट उठला. मग सतरा आठवले आणि पुन्हा बसला.

सुदर्शनने आतून बोटाने खुणावलं. सोपानने अंगणातल्या आंब्याकडं पाहिलं. नावाने हाक आली, ती ऐकूच आली नाही. मग सुदर्शन स्वतः बाहेर आला.

"सोपानराव, चला ना आत."

"हितं कशाला म्हनता? आत म्हना. पावण्यांम्होरं. कुनी केलंय घराचं काम ते."

सुदर्शनने दात आवळले. पण आत गेला आणि पाहुण्यांसमोर म्हणाला, "हे सोपानराव. आमच्या घराचं समदं पायपाचं काम ह्यांनी केलंय. लई हुशार कारागीर."

सोपान उंबऱ्यात आला आणि त्याच वेळी पाइपातली हवा संपली. एक गुळणी, आणि गप्प. त्याने हात लावण्याआधीच.

"पायगुन म्हनायचा," मामा म्हणाले. पाहुणे हसले. समृद्धीही हसली, मोकळी, आणि सोपानच्या पोटातला एक खडा विरघळला. एकच.

मंडळी गाडीत बसल्यावर सुदर्शनने त्याला कपाटाशी ओढलं. तो काही बुद्दू नव्हता.

"परत व्हनार का हे?"

"लाइट आली की. रोज."

"विलाज?"

"हाय की. आरीचं काम, दोन मिनिटांचं."

"मग कर ना."

सोपानने पिशवी खांद्याला लावली. "घाई कशाला? लगीन ठरू द्या. पावणं आजून चार डाव येतील."

लग्न जमायला पाच महिने लागले. लोडशेडिंगची वेळ बदलली की सोपान ती नारायणगावच्या वीज ऑफिसात विचारून घ्यायचा. लाइट यायच्या वेळेला लुना बंगल्यासमोर थांबवायची, बिडी पेटवायची, आणि घळघळ झाकायला हॉलमधल्या टीव्हीचा आवाज अचानक मोठा झाला की मगच पुढं निघायचं.