पाण्यात मोडलेला दिसणारा बांबू

मित्रांनो, मी एक जुना बांबू आहे आणि जन्माचा भित्रा आहे. बांबूने पाण्याला भ्यावं, हे ऐकून तुम्ही हसाल. हसा खुशाल, पण माझी गोष्ट ऐकून घ्या.

मेहकरच्या बाजारातून प्रेमानंदांनी मला सुलतानपूरला आणलं. त्यांच्या वावरात शेततळं नुकतंच खोदून झालं होतं आणि त्यात प्लास्टिकचा काळा कागद अंथरला होता. कागद फाटू नये म्हणून त्यांनी मला जमिनीत रोवलं नाही. रंगाच्या रिकाम्या डब्यात सिमेंट ओतून त्यात मला उभं केलं, अंगावर मापाचे लाल पट्टे ओढले आणि काठाजवळ पाण्यात सोडलं. वरचं टोक दोरीने काठावरच्या खुंटीला बांधलं. हरभऱ्याला पाणी द्यायच्या दिवसांत, तळ्यात किती उरलं ते सगळे मलाच बघून ठरवत. मी तेव्हा जरा ताठाच करत असे.

पण आत धाकधूक होतीच. काठावरून बघणाऱ्याला मी पाण्याच्या रेषेपाशी मोडल्यासारखा दिसायचो आणि माझा बुडालेला भाग आखूड वाटायचा. तळसुद्धा असतो त्याहून वर आल्यासारखा दिसे. पाणी जितकं नितळ, तितकी माझी भीती जास्त.

पुढे उन्हाने पट्टे उडाले, दोरी विरली. माझ्याकडे कुणी बघेना.

एके दिवशी मजुरीला येणाऱ्या जनकाबाई फवारणीसाठी पाणी न्यायला आल्या. बादली हातातून निसटली, बुडाली आणि खाली कागदाच्या घडीत अडकून बसली. वरून अगदी स्वच्छ दिसत होती.

“हे काय, हातभरच तं खाली हाय,” म्हणत त्या वाकल्या. हात पुरला नाही. आणखी वाकल्या. बाई, ती दिसते त्याहून खोल आहे, असं मी मनात ओरडत होतो. पण बांबूला कुठला आवाज? शेवाळलेल्या कागदावरून त्यांचा पाय सटकला आणि त्या पाण्यात गेल्या. त्यांच्या हाताला फक्त मी लागलो. मी कलंडलो. दोरी ताणली, तिचा एकेक पीळ तुटू लागला. आता आम्ही दोघंही तळाला जाणार, असं मला वाटलं.

“जनकामाय, बांबू सोडू नको!” प्रेमानंद धावत आले. काठावर पालथे पडून त्यांनी मला धरलं आणि दोघांनाही बाहेर ओढलं. सिमेंटचा डबा निखळून तळाशीच राहिला.

निथळत बसलेल्या जनकाबाईंनी माझ्यावरून हात फिरवला. “हा तं सरळच हाय! पाण्यात मोडल्यावानी दिसे.”

प्रेमानंदांची मुलगी मनाली दहावीत शिकते; तीही मागोमाग धावत आली होती. ती म्हणाली, “आजी, पाण्यातून हवेत येतानी उजेड वाकते. म्हणून खोल असलं तरी जवळ दिसते.”

“मंग हे मले आधी काऊन नाही सांगितलं वं?” म्हणताना जनकाबाईंना रडू फुटलं.

तेव्हापासून मी काठावर आडवा पडून आहे. मित्रांनो, कारण कळलं म्हणून डोळे बदलत नाहीत. जाणत्यालाही तळ जवळच दिसतो. तळ्याची, विहिरीची खोली नजरेने मोजू नका, आणि काठावर एकटे वाकू तर मुळीच नका.

आज पाणी फार नितळ आहे. मनालीच्या हातून आत्ताच मोबाईल पाण्यात पडला. तो तिला दिसतो आहे. आसपास कुणी नाही. ती काठावर बसून बाही वर सारते आहे.

मला हाक मारता येत नाही. तुम्ही तरी मारा.