न पाहिलेला डोंगर

ज्याने डोंगर आधी पाहिला, त्याने त्या डोंगरावर धावायचं नाही. ओरिएंटिअरिंगमध्ये नकाशा हातात पडतो तो सुरुवातीच्या रेषेवरच. मग होकायंत्र घेऊन रानात लावलेली निशाणं क्रमाने गाठायची, वाट ज्याची त्याने शोधायची. बाबा शर्यतींचे नकाशे काढत आणि हा नियम सोवळ्यासारखा पाळत.

पेठच्या डोंगराचा नकाशा हे त्यांचं शेवटचं काम. त्याच डोंगरावर राज्य संघाची निवड होणार होती; मुलींची एकच जागा रिकामी होती. मोजणीला ते एकटेच जातात, असं आम्हाला घरी माहीत होतं. पुढे अंथरुणाला खिळले तेव्हा नाशिकच्या घरी उशीला टेकून नकाशा पुरा करत. मी दार उघडलं की कागदावर चादर ओढायचे.

"धावायचंय ना तुला? मग बाहेर थांब."

मी थांबले. औषधं आई आत नेई. संक्रांतीनंतर ते गेले, तेव्हाही मी दाराबाहेरच होते.

फेब्रुवारीअखेर शर्यत झाली. एकेकीला काही मिनिटांच्या अंतराने सोडतात; वेदिका, बाबांची लाडकी विद्यार्थिनी, माझ्या आधी सुटली. मी त्यांनी शिकवलं तशी धावत होते: अंगठा नकाशावर, आपण आहोत तिथे, चढावर दम राखायचा आणि पुढची वाट ठरवायची, निशाणाआधी एखादी ठळक खूण गाठायची, मगच वेग कमी करायचा. दुसऱ्या निशाणानंतर ती पुढे दिसली. नकाशा न बघता ती डोंगराच्या सोंडेवरची वाट सोडून कारवीच्या दाट झुडपांत शिरली. तिथून वाट नाही, असं नकाशा सांगत होता. मी सोंडेने गेले.

खाली पाड्यावर तिथल्याच कुसाबाई धावणाऱ्यांना पाणी देत होत्या.

"ती पुढली पोर लय चपळ हाय. म्हातारबाबासंगं यायची ना, तवापास्नं वळखते मी तिला."

"कोण म्हातारबाबा?"

"नकाशेवाला. भातकापणीला काठी टेकत यायचा. कारवीतली गुरांची वाट त्यानंच दावली तिला. आज नाय आला?"

"नाही आला," मी म्हटलं.

बाबा नकाशात गुरांची वाटसुद्धा कधी सोडत नसत.

वेदिका पहिली आली, मी दुसरी. ती बुटाची नाडी सोडत बसली होती.

"बाबा तुला इथे घेऊन आले होते?" मी विचारलं.

"ताई, मी मागितलं नव्हतं."

"पण आलीस."

"तेच म्हणाले, संघात आलीस तर तुला खेळाडूंच्या कोट्यातून नोकरी लागेल. तुझ्याबद्दल म्हणाले, तिचं काय, ती हरली तरी सावरते."

"आणि ती वाट?"

"कागदावर नको म्हणाले."

मुख्य पंच सुनीलकाका, बाबांचे जुने मित्र, निकाल वाचायला उभे राहिले. शेजारी बाबांचा हार घातलेला फोटो होता.

"कुणाची हरकत?" त्यांनी रिवाज म्हणून विचारलं.

"माझी."

"तुझी? वेदिकाविरुद्ध?"

"नकाशा काढणाऱ्याविरुद्ध."

ते जवळ आले, आवाज खाली आणला. "वेडी झालीस का, बाळा? त्यांच्या नावाने शर्यत आहे आज. तुझा बाप होता तो."

"लिहून घ्या, काका."

त्यांचा हात खिशाकडे जाईना. मी त्यांचं पेन काढून त्यांच्या हातात दिलं आणि बाबांचं पूर्ण नाव सांगितलं.