सीसॉचं दुसरं टोक

आमच्या बागेच्या दुरुस्तीला निधी म्हणून मिळत नाही, कारण पालिकेचे साहेब पाहणीला येतात ते ऐन शाळेच्या वेळेत. बाग रिकामी दिसली की शेरा ठरलेला: 'वापर नाही.' अहो, पोरं काय शाळा बुडवून तुमच्यासाठी झोके घेणार?

यंदा माझ्या सासूबाईंनी पदर खोचला. साहेब फाटकातून आत आले, तेव्हा त्या गंजक्या सीसॉवर एकट्याच ऐटीत बसलेल्या.

"आजी, हे लहान मुलांसाठी आहे."

"मग? म्हातारपण म्हणजे दुसरं बालपणच की! बसा समोर."

साहेब हसत हसत टेकले. पालिकेतला वजनदार माणूस तो! सासूबाई भुर्रकन वर गेल्या आणि त्यांच्या चपला खाली पडल्या.

"आता उठायचं नाही हं," त्या वरून ओरडल्या, "मी आपटेन! आधी दुरुस्ती मंजूर करा, मग उठा."

माझी हसून हसून पुरेवाट झाली. साहेबांनी घाम पुसत ऑफिसला फोन लावला. पलीकडच्याने नेहमीचाच प्रश्न विचारला असावा, कारण साहेब खेकसले, "वापर? अरे, वापर चालू आहे! मीच बसलोय!"