रेवताबाईची मासे वाहायची गाडी

मी एक जुनी तीनचाकी सायकल आहे, मित्रांनो. मला हाताने चालवतात. अपंगांसाठीच्या एका शिबिरात मी अड्याळच्या कवडू शिंप्याला मिळाले. तो वारला आणि मी भंगारात निघाले. तेव्हा तलावात मासे धरणाऱ्या धनीरामने चार किलो मासे देऊन मला घेतले, आपल्या बायकोसाठी.

रेवताबाईचा उजवा पाय लहानपणीच पोलिओने लुळा पडला होता; काठी टेकत ती थोडेसेच चालू शके. पण 'अपंग' हा शब्द तिला खपत नसे. "हे माझी मासे वाहायची गाडी होय," ती सांगायची. दहा वर्षे तिने मला बाजारात नेले. लोक तिच्या जिद्दीचे कौतुक करत. मग धनीराम गेला. विधवा म्हणून तिला निराधार योजनेचे पैसे सुरू झाले.

पुढे त्याच योजनेत अपंगांची रक्कम वाढली. तोवर रेवताबाईचे खांदे धरले होते आणि बाजाराच्या फेऱ्या निम्म्यावर आल्या होत्या.

"माय, हे तुले लागू होते," मुलगी रंजू म्हणाली. "पण तुह्यं नाव विधवांत हाये. अपंगाचा दाखला पाहिजे, चाळीस टक्क्यांच्या वरचा."

"आन् तिकडचं नाव कापलं, इकडं नाही लागलं त?"

आठ दिवस तिला चैन नव्हते. ती माझ्यावर बसायची, फाटकापर्यंत जायची, परत यायची. शेवटी एका सकाळी त्यांनी मला मासळीच्या टेम्पोत चढवले आणि आम्ही दाखल्यासाठी भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात गेलो.

तपासणीच्या खोलीत डॉक्टरांनी विचारले, "बाई, घरची कामं होतात?"

"होतात ना. सारी करतो मी."

"चालता येतं?"

"येते."

डॉक्टर लिहू लागले. माझा जीव टांगणीला लागला. आयुष्यभर जे सांगून ती ताठ राहिली, तेच आता तिच्या आड येत होते.

"माय," रंजू हळूच म्हणाली, "इथं खरं सांग."

रेवताबाईने माझा दांडा घट्ट धरला. "न्हाणीत हातावर घसरत जातो, साहेब. पाच वर्षं झाली. पोरीलेबी मालूम नाही."

रंजूने तोंड फिरवले. डॉक्टरांनी पेन ठेवले आणि पाय नीट तपासला. दाखल्यावर साठ टक्के आले.

तालुक्याच्या कचेरीत कारकुनाने अर्ज घेतला. "मंजूर होईपर्यंत पहिलं बंद होणार नाही," तो म्हणाला.

"हे लिहून द्या," रेवताबाई म्हणाली. त्याने पोचपावतीवर लिहून दिले, तेव्हाच ती हलली.

तरी पुढचे चार महिने तिने धड घास खाल्ला नाही. दर सोमवारी मी कचेरीच्या पायऱ्यांशी उभी. पाचव्या महिन्यात यादी लागली. अपंगांत तिचे नाव होते.

परवा दाखल्याच्या तपासणीला न्यायला तिने शेजारच्या सत्यभामाबाईला माझ्यावर बसवले. त्या बाईला एका हाताने काहीच धरता येत नाही आणि फार चालवतही नाही. रंजू मागून ढकलत होती, रेवताबाई काठी टेकत बाजूने चालत होती. "तिथं भारी बनू नको," ती बजावत होती. "जे जमत नाही, थेच पहिले सांग."

मित्रांनो, माझ्या साखळीला तेल द्या, एवढेच माझे मागणे नाही. तुमच्या घरात कोणी 'सारं जमते' म्हणत असेल, तर एकदा जवळ बसा आणि काय जमत नाही तेही विचारा.