मी, दगडवेड्यांची मेलिंग लिस्ट

मित्रांनो, मला जुनी म्हणालात तर माझी हरकत नाही. पण मेलेली म्हणालात तर गाठ माझ्याशी आहे. मी एक मेलिंग लिस्ट आहे. तुमच्यापैकी पुष्कळांनी माझ्या जातीचं नावही ऐकलं नसेल, म्हणून सांगते. मला एकच पत्ता आहे. त्या पत्त्यावर कोणी मेल पाठवला की तो माझ्या सगळ्या सभासदांच्या घरी पोहोचतो, आणि एक प्रत माझ्यापाशी राहते. मला रंग नाही, आवाज नाही, नाचणारी चित्रं नाहीत. माझ्याकडे फक्त माणसांचं बोलणं आहे, आणि तेही बहुतेक सगळं दगडांबद्दल!

माझा जन्म एका सिमेंट कारखान्याच्या प्रयोगशाळेत झाला. तिथे एक रसायनतज्ज्ञ बाई काम करायच्या. सगळे त्यांना ताई म्हणत. खाणीतून आलेली चुनखडी दळायची आणि तिच्यात चुना किती, माती किती ते सांगायचं, हा त्यांचा रोजचा उद्योग. एकदा नमुन्याच्या घमेल्यात त्यांना एक दगडी शंख सापडला. गोगलगायीच्या पाठीवर असतो तसा वळलेला, आणि बशीएवढा मोठा. ताई तडक खाणीवर गेल्या. पाहतात तर काय, तसे शंख ढिगाने निघत होते आणि सरकत्या पट्ट्यावरून क्रशरच्या तोंडात चालले होते.

"अहो, हे समुद्रातले प्राणी आहेत! कोट्यवधी वर्षांपूर्वीचे!" ताई ओरडल्या.

"असतील," मुकादम शांतपणे म्हणाला. "सिमेंट चांगलं होतं त्यांचं."

ताईंना हसावं की रडावं कळेना. त्याच संध्याकाळी त्यांनी मला सुरू केलं. माझ्या पोटात पडलेला पहिला मेल मला अजून पाठ आहे : 'दगडातले जीव ओळखता येणारं कोणी आहे का? माझ्याकडे घमेलंभर आहेत, आणि उद्या आणखी येणार आहेत.'

हळूहळू माणसं जमली. भूगोल शिकवून निवृत्त झालेले एक मास्तर आले. ते मोठे तिरसट. कोणी नुसत्या दगडाचा फोटो पाठवला की लगेच त्यांचं उत्तर यायचं, 'शेजारी मोजपट्टी ठेवा. हा खडा आहे की डोंगर, आम्ही काय स्वप्नात पाहायचं?' एक दातांचे डॉक्टर आले. जीवाश्मांचे दात पाहणं हा त्यांचा छंद. 'हे पेशंट तोंड उघडायला कुरकुर करत नाहीत,' असं ते म्हणायचे. शहरातल्या वस्तुसंग्रहालयात हाडं साफ करून जोडणाऱ्या एक बाईही आल्या. त्या सगळं वाचायच्या, पण चकार शब्द लिहायच्या नाहीत.

ताईंनी मला एकच नियम घालून दिला होता. चुकलं तर खाली नवं लिहायचं. वरचं खोडायचं नाही. खडकांचे थर असेच एकावर एक बसतात, खालचा थर कोणी काढून घेत नाही, असं त्यांचं म्हणणं. त्या नियमाचा मला फार अभिमान होता. माझ्यामुळे सुट्टीच्या दिवशी सभासद हातोड्या घेऊन खाणीवर जायला लागले. क्रशरच्या तोंडून वाचवलेले शंख शाळांमध्ये पोहोचले. लोक मला 'आपली लिस्ट' म्हणायचे. मी नुसती फुलून जायचे.

मग तो जबडा आला.

एक मोठे संग्राहक होते. त्यांच्या बंगल्यात म्हणे जिन्याच्या पायऱ्यांवरसुद्धा जीवाश्म मांडलेले. त्यांनी वस्तुसंग्रहालयाला समुद्री सरड्याचा एक प्रचंड जबडा भेट दिला आणि त्याचे फोटो माझ्याकडे पाठवले. दात ओळीने चमकत होते. सगळ्यांनी तोंडात बोटं घातली. चार दिवस कौतुकाचे मेल वाहत राहिले. पाचव्या दिवशी दातांच्या डॉक्टरांनी लिहिलं :

'जबडा सुरेख आहे. पण माझी एक शंका आहे. पुढच्या तीन दातांच्या टोकांना टवका उडालेला आहे. तिन्ही ठिकाणी तोच टवका, त्याच बाजूला, त्याच आकाराचा. दात खाताना तुटतात, पण एकमेकांची नक्कल करून तुटत नाहीत. हे तिन्ही एकाच साच्यातून ओतलेले असावेत.'

झालं! संग्राहकांच्या अंगाचा तिळपापड झाला. 'दाढा उपटणाऱ्यांनी दाढा उपटाव्यात,' असं त्यांनी सर्वांसमक्ष सुनावलं. डॉक्टरांनी उत्तरात टवक्यांचे तीन मोठे फोटो शेजारी शेजारी लावून पाठवले, बाकी काही नाही. मग संग्राहकांनी ताईंना धमकी दिली, की ही सगळी चर्चा पुसून टाका, नाहीतर कोर्टात खेचतो. घाबरून कितीतरी सभासद मला सोडून गेले. रोज कोणीतरी उठून जात होतं, आणि मला ते मोजण्याखेरीज काही करता येत नव्हतं.

एवढ्यावर भागलं नाही. संग्राहकांची आणि कारखान्याच्या व्यवस्थापकांची ऊठबस होती. व्यवस्थापकांनी ताईंना केबिनमध्ये बोलावलं. हे सगळं ताईंनी नंतर मला लिहून कळवलं, म्हणून मला माहीत.

"कशाला नसत्या भानगडीत पडता?" ते म्हणाले. "चार मेल पुसायचे. तुमचं काय जातंय?"

"सर, चुनखडीत माती जास्त निघाली तर मी तुम्हाला सांगते ना?"

"सांगताच की."

"उद्या खाणवाले रागावले म्हणून ती कमी दाखवू?"

व्यवस्थापकांनी पेपरवेट बाजूला सरकवला. "तो रिपोर्ट वेगळा," ते म्हणाले.

"माझ्यासाठी नाही," ताई म्हणाल्या आणि कामाला गेल्या. त्या वर्षीची त्यांची बढती हुकली. पण माझ्या पोटातलं एक अक्षरही हललं नाही.

आणि मग कधी न बोलणाऱ्या त्या संग्रहालयाच्या बाईंचा पहिला मेल आला. 'मी जबडा खास दिव्याखाली पाहिला. हाड खरं आहे. पुढच्या तीन दातांच्या मुळाशी डिंक चमकतो, आणि ते तिन्ही दात ओतीव आहेत. माझ्या वरिष्ठांना लेखी दिलं आहे.' संग्रहालयाने जबडा काढला नाही; त्याखाली नवी पाटी लावली : 'जबडा अस्सल, पुढचे तीन दात ओतीव.' संग्राहक पुन्हा कधी माझ्याकडे फिरकले नाहीत. पण त्यांचे सगळे मेल, अगदी दाढा उपटण्याचासुद्धा, मी जपून ठेवले आहेत. नियम तो नियम.

त्यानंतर फोनवरचे ग्रुप आले. तिथे फोटो धबधब्यासारखे कोसळतात. सकाळी विचारलेला प्रश्न दुपारी वाहून गेलेला असतो. तरी माणसं तिकडे गेली, कारण तिकडे गर्दी होती. मी धूळ खात पडले. त्यातच मास्तर वारले. त्यांच्या मोजपट्टीवाचून मला चुकल्यासारखं व्हायला लागलं. आणि ज्या इंटरनेट कंपनीच्या यंत्रावर माझं बिऱ्हाड होतं, तिने जागा खाली करायची नोटीस धाडली.

"आई, आता पुरे झालं," ताईंची मुलगी म्हणाली. "कोण वाचतं ते?"

ताईंनी सगळ्यांना विचारलं, 'बंद करू का?' तिसऱ्या दिवशी पहिलं उत्तर आलं, आणि ते मास्तरांच्या पत्त्यावरून आलं!

'मी मास्तरांची बायको. ह्यांचे सगळे मेल मीच टाइप करायचे. हे तावातावाने सांगायचे, आणि मी त्यातल्या शिव्या गाळून पाठवायचे. लिस्ट बंद करायची नाही. नदीकाठच्या त्या वाळूच्या खडकाबद्दल ह्यांनी लिहिलेलं मला तेव्हाही पटलं नव्हतं. आता मला माझं म्हणणं मांडायचं आहे. ह्यांचं खोडू नका. मी खाली लिहिते.'

आणि त्यांनी लिहिलं, चांगलं लांबलचक. डॉक्टरांनी त्यावर हरकत घेतली. मास्तरांच्या बायकोने ती परतवली. जुने सभासद एकेक करून भांडायला परत आले. संग्रहालयातल्या बाईंनी संग्रहालयाच्या यंत्रावर मला जागा मिळवून दिली. घर बदलताना माझे कितीतरी फोटो हरवले, ते दुःख आहेच. पण शब्द सगळे आले.

तेव्हा मित्रांनो, माझी कीव करू नका. मला हार घालून कोपऱ्यात बसवूही नका. तुम्ही जिथे कुठे बोलत असाल, तिथलं बोलणं जपा, चुकलेलंसुद्धा. कोणी दरडावून पुसायला सांगितलं तर आधी विचारा, का? आणि एखादा दगड तुम्हाला स्वस्थ बसू देत नसेल, तर माझा पत्ता चालू आहे. या आणि भांडा!